कमलिनीवहिनींची उजवी कूस

विद्याने कमलिनीवहिनींना पहिल्यांदा नीट पाहिलं ते झाशीच्या मराठी मंडळींच्या गणपतीत. भुसावळहून बदली होऊन येऊन तिला जेमतेम पंधरवडा झाला होता. तिचा नवरा दिवाकर रेल्वेच्या वर्कशॉपात चार्जमन होता, आणि कुठल्याही कार्यक्रमाला वेळेआधी जाऊन पुढे बसायची त्याला खोड होती. त्यामुळे विद्याही पुढेच, अनोळखी बायकांच्या सतरंजीवर, अंग चोरून बसली होती. समोर एक गृहस्थ आपल्या पणजोबांच्या पराक्रमावर बोलत होते. पणजोबा बुरुजावर कसे उभे राहिले, गोळा कसा आला, पणजोबा कसे तसूभर हलले नाहीत. उकाडा जीव घेणारा. मध्येच भाषण थांबवून गृहस्थांनी भिंतीवरची बटणं एकामागून एक दाबून पाहिली. दिवे लागले, विझले, पुन्हा लागले. पंखा काही फिरेना.

"पणजोबांनी तोफखाना चालवला म्हणे," शेजारून अगदी हलक्या आवाजात कुणीतरी म्हणालं. "यांना पंखा चालवता येईना."

विद्या फस्सकन हसली. साऱ्या माना तिच्याकडे वळल्या. तिने शेजारी पाहिलं, तर चाळिशीकडे झुकलेली एक सडसडीत बाई डोळे मिटून, हात जोडून, आरतीच चालू असल्यासारखी बसली होती. चेहऱ्यावर सुरकुती नाही की हसू नाही. जणू हसण्याचा सारा गुन्हा भुसावळचा.

तेवढ्यात दाराशी काठीचा आवाज झाला. आत एक उंच म्हातारे आले. डोक्याला फेटा, अंगात उन्हाळ्यातही बंद गळ्याचा कोट. ती सडसडीत बाई ताडकन उठली. पदर कपाळापर्यंत ओढला, कमरेत वाकली आणि तीन वेळा मुजरा केला. म्हातारे तिच्याकडे न पाहता पुढे गेले. ते खुर्चीत बसल्यावरच बाई खाली बसली, आणि त्याच हलक्या आवाजात म्हणाली, "हे आमचे आबासाहेब. आमच्या यांचे थोरले चुलते. मोठे जहागीरदार. जहागीर तेवढी अजून सापडायची आहे."

ह्या कमलिनीवहिनी. त्यांचे यजमान यशवंतराव मालगाडीवर गार्ड होते, आणि त्यांचं क्वार्टर विद्याच्या क्वार्टरला लागूनच निघालं. पुढची कित्येक वर्षं विद्याने त्यांच्याकडून झाशी ऐकली, आणि झाशीत एकही माणूस धड नाही असं तिचं मत व्हायला फार काळ लागला नाही.

वहिनी मऊरानीपुरच्या. वडील तिथल्या मालधक्क्यावर बाबू होते. घरात मराठी, दाराबाहेर बुंदेली, शाळेत हिंदी. त्यामुळे त्यांच्या तोंडी तिन्ही भाषा एका वाक्यात सुखाने नांदत. राग आला की मात्र शुद्ध मराठी. एकोणिसाव्या वर्षी त्या यशवंतरावांच्या घरात आल्या, आणि ते घर म्हणजे घराणं आहे असं त्यांना पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं. पूर्वज दोनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून दख्खनेतून आले होते. घोडे गेले, हत्यारं गेली, जमीन गेली. राहिली ती ताजीम. थोरलं माणूस आलं की घरातल्या प्रत्येकाने उठून उभं राहायचं, आणि सुनांनी मुजरा करायचा. थोरल्यांना पाठ दाखवायची नाही. आबासाहेब कचेरीत रेकॉर्ड-कीपर म्हणून तीस वर्षं दप्तरांवरची धूळ झटकून निवृत्त झाले होते, पण ताजीम घ्यायची ती सरदाराची. उठायला कुणाला क्षणभर उशीर झाला तर ते उंबऱ्यातच उभे राहत, आणि समोरचा पुरता उभा राहीपर्यंत पाऊल आत टाकत नसत.

"मी पोळी लाटत असले तरी उठायचं," वहिनी सांगत. "पोळी करपली तरी चालेल. एकदा यांच्या पायाला मी तेल लावत होते. आबासाहेब आले. मी उठले, हेही उठले, तेलावरून घसरून हे पडले. आबासाहेब म्हणाले, बस बस, एवढं वाकायची गरज नाही."

"मग तुम्ही हे सगळं का करता, वहिनी?" विद्याने एकदा विचारलं.

"नाही केलं तर बोलणं ऐकावं लागतं. मुजरा फुकटात होतो." त्यांनी भाकरीसारखा हात उलटा करून दाखवला. "कंबर वाकवायची. जीभ थोडीच वाकवायची आहे?"

जीभ कधी वाकली नाही हे खरं. पण ती पाठीमागे चाले, गावातल्या कुणाच्या तोंडावर कधी नाही, हेही तितकंच खरं. विद्याच्या हे लक्षात यायला वेळ लागला. वहिनींच्या तिरस्काराला सगळं गाव पात्र होतं, आणि गावाला त्याचा पत्ता नव्हता. गाव म्हणे, यशवंतरावांची बायको फार गरीब हो, तोंडातून शब्द काढत नाही.

अठ्ठ्याहत्तर साली वहिनींचे डोळे पिवळे झाले. तेव्हा त्या चव्वेचाळीसच्या होत्या. कावीळ आली, गेली, पुन्हा आली. अंगाला खाज, पायात गोळे, दोन जिने चढून आल्या की भिंतीला टेकून उभ्या. आणि मग सल्ले सुरू झाले. यकृत डावीकडे की उजवीकडे हे ज्यांना विचारलं असतं तर खिशातून नाणं काढून उडवावं लागलं असतं, असे सगळे लोक यकृतावर बोलायला लागले. उसाचा रस. मुळ्याचा रस. गळ्यात काविळीची माळ घाला, ती लांबत लांबत पोटापर्यंत आली की रोग उतरला. मोठ गावच्या एका वैद्याचा काढा, जो इतका कडू होता की वहिनींनी तो यशवंतरावांच्या तुळशीला घातला आणि तुळसच गेली.

चिरगाँवचा माणूस आबासाहेबांनी सुचवला. तो रोग्याचे हात पाण्यात धुवायचा, पाणी पिवळं व्हायचं, म्हणजे कावीळ निघाली. आबासाहेबांनी सुचवलं म्हणजे गेलंच पाहिजे. वहिनी विद्याला घेऊन बसने गेल्या. त्याने परातीत चुन्याचं पाणी घेतलं, वहिनींच्या हातांना काहीबाही चोळलं, धुतलं. पाणी पिवळंधमक.

"देखा, बहनजी? कितना निकला!"

वहिनींनी विद्याचं मनगट धरलं आणि तिचे हात पुढे केले. "इनके भी धो दो, भैया."

त्याने धुतले. पाणी पिवळं.

"इनको भी है," तो गंभीरपणे म्हणाला.

"दाराशी तुमची म्हैस बांधलेली आहे," वहिनी हिंदीत म्हणाल्या, "तिचेही पाय धुऊन घ्या. बिचारी कधीपासून आजारी असेल."

परतीच्या बसमध्ये विद्या हसून हसून थकली. वहिनी हसत नव्हत्या. खिडकीच्या गजावर डोकं टेकून त्या म्हणाल्या, "ह्या गाढवांच्या नादी लागून मी मरेन, विद्या. आणि मग हेच गाढव तेराव्याला जेवून जातील."

मग त्या शहराबाहेरच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टर निगम यांच्याकडे गेल्या. निगम तरुण होता, कानपूरचा, आणि बोलताना समोरच्याला वेळ द्यायचा. वहिनींनी त्याचं नाव पहिल्याच दिवशी 'सुईवाला' ठेवलं, कारण त्याने सुईची गोष्ट काढली. त्याने सांगितलं ते विद्याने नीट ऐकून घेतलं, कारण वहिनी तेव्हा छताकडे बघत होत्या. यकृताला सूज आहे, आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त आहे. रक्त एवढंच सांगतं. का आहे ते सांगत नाही. दोन रोग असे आहेत की बाहेरून सारखेच दिसतात. एकाला गोळ्या आहेत, त्या घेतल्या की माणूस उभं राहतं. दुसऱ्या रोगात त्याच गोळ्या दिल्या तर नुकसान होतं. हा कुठला, हे यकृताचा बारीकसा तुकडा काढून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय कळणार नाही. काहीच केलं नाही तर यकृत दगडासारखं घट्ट होत जाईल, आणि मग गोळ्यांचाही उपयोग राहणार नाही.

"किती तुकडा?" विद्याने विचारलं.

"शेवयीच्या तुकड्याएवढा."

"त्याने रोग पसरतो म्हणतात."

"कौन कहता है?"

कोण म्हणतं याची यादी केली असती तर निगमची दुपार गेली असती.

बातमी आबासाहेबांना सांगणं भाग होतं. ते आले, ताजीम घेतली, बसले. यशवंतराव उभेच होते. वहिनी स्वयंपाकघराच्या दाराआड, आणि विद्या त्यांच्याजवळ.

"आमच्या घराण्यातल्या सुनेच्या अंगात परका पुरुष सुई खुपसणार?" आबासाहेब म्हणाले. "घाव घ्यावा तर रणात घ्यावा. खाटेवर पडून घाव घेणं ही काय रीत झाली?"

"यांनी शेवटचा घाव दाढी करताना घेतला," दाराआडून वहिनी पुटपुटल्या.

"काय म्हणालात सूनबाई?"

"काही नाही. पाणी आणते."

यशवंतराव हे वीस-वीस तास मालगाडीच्या ब्रेकडब्यात एकटे बसणारे गृहस्थ. बोलायची सवयच मोडली होती. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "करायचं."

एवढंच. आबासाहेब काठी उचलून निघून गेले. वहिनींनी पाणी आणलं ते यशवंतरावच प्यायले.

पण पहिली तारीख हुकली, आणि ती हुकवली वहिनींनीच. निगमने विचारलं होतं, कुठलं औषध चालू आहे का? वहिनी म्हणाल्या, नाही. तारीख ठरली, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते तपासून झालं, लागलंच तर रक्ताची एक बाटली राखून ठेवलेली असावी म्हणून दिवाकर जाऊन रक्तही देऊन आला. भरतीच्या सकाळी निगमने पुन्हा एकदा विचारलं, आणि विद्याच्या तोंडून निघून गेलं, "पुडी सोडून."

"कौन सी पुड़िया?"

वहिनींना डोकेदुखीची पुडी चहाबरोबर घ्यायची सवय होती. रोज. डोकं दुखो न दुखो. पानवाल्याकडे मिळते ती. औषध ते डॉक्टर देतो ते. पानवाला देतो ते औषध कसं असेल?

"बहनजी, वह भी दवा ही है. खून पतला करती है," निगम म्हणाला, आणि त्याने तारीख पुढे ढकलली. निदान आठ-दहा दिवस पुडी बंद, आणि कुठलीही वेदनेची गोळी, काढा, चूर्ण, जे काही तोंडात जातं ते सगळं आधी सांगायचं. रक्त पातळ असताना सुई लावली तर आतून वाहत राहील आणि वरून टिपूसही दिसणार नाही.

रिक्षातून फाटकापाशी उतरताना वहिनी म्हणाल्या, "भुसावळच्या लोकांच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं."

"वहिनी, तुमचा जीव गेला असता."

"माझा जीव. तुझी जीभ. कुणाची वस्तू कुणी वापरायची काही धरबंद?"

आठ दिवस पुडीवाचून डोकं खरंच दुखलं, आणि कॉलनीतल्या प्रत्येकाने नकळत त्याचं व्याज भरलं. निगमने श्वासाचा सरावही सांगितला होता: श्वास पूर्ण सोडायचा आणि डॉक्टर 'बस' म्हणेपर्यंत रोखून धरायचा, कारण यकृत श्वासाबरोबर वरखाली होतं, आणि सुई आत असताना ते हललं तर फाटतं. वहिनी रोज संध्याकाळी खाटेवर पडून सराव करत. त्या वेळी त्यांना बोलता येत नसे. यशवंतराव एकदा कुंपणापाशी येऊन विद्याला म्हणाले, "डॉक्टर चांगला वाटतो." त्यांचं हे त्या वर्षातलं सर्वांत लांब वाक्य.

शेवटी तो दिवस आला. बायकांच्या वॉर्डात पुरुषांना भेटीच्या वेळेशिवाय जाऊ देत नसत, म्हणून सोबत विद्या राहिली. यशवंतराव बाहेर कडुनिंबाखाली बसून होते. वहिनींना सकाळपासून उपाशी ठेवलं होतं. खाटेवर उताणं झोपवून उजवा हात डोक्याखाली घ्यायला सांगितला. निगमने बरगड्यांवर बोटाने ठोकून ठोकून जागा धरली, दारावर टकटक करून आत माणूस आहे का बघावं तसं. मग जागा बधिर करणारं इंजेक्शन दिलं. ते चावतं, तेवढंच. विद्या पडद्याबाहेर उभी होती. तिला आतून ऐकू आलं:

"साँस लीजिए... पूरी छोड़िए... रोकिए."

आणि लगेच, "बस. हो गया."

"झालं?" वहिनींचा आवाज. "एवढ्यासाठी सहा महिने लोकांनी माझं डोकं खाल्लं? मऊरानीपुरचा न्हावी कान टोचताना याहून जास्त रडवतो."

बाटलीतला तुकडा विद्याने पाहिला. शेवयीएवढाही नव्हता. त्याच्यासाठी आबासाहेबांच्या दोनशे वर्षांच्या घराण्याला धक्का बसायचा होता.

मग खरी गोष्ट सुरू झाली. सुईपेक्षा सुईनंतरचं अवघड असतं, हे कुणी सांगत नाही, आणि निगमने सांगितलं तर कुणी ऐकत नाही. वहिनींना उजव्या कुशीवर झोपवलं, कुशीखाली गच्च घडी केलेली चादर दिली. यकृत उजवीकडेच. त्या कुशीवर झोपलं की अंगाच्या भारानेच भोक दाबलं जातं. दोन तास असं, मग उताणं. रात्रीपर्यंत उठायचं नाही, बसायचं नाही, बेडपॅनसुद्धा पडूनच. सिस्टर दर पाव तासाने नाडी आणि रक्तदाब बघून जाणार. उजवा खांदा दुखेल, घाबरू नका. पण पोटात कळ आली, घाम फुटला, गरगरलं, तर लाजू नका, लगेच हाक मारा.

वहिनींनी फक्त एक प्रश्न विचारला. "दार कुठल्या बाजूला आहे?"

"तुमच्या पाठीमागे," विद्या म्हणाली. तिला त्या प्रश्नाचा अर्थ कळला नाही. तो नंतर कळला, काठीचा आवाज आला तेव्हा.

भेटीची वेळ झाली होती. फरशीवर टक, टक. विद्याने वर पाहिलं तर दारात फेटा, बंद गळ्याचा कोट. आबासाहेब. उंबऱ्यात थांबलेले. ताजिमीची वाट बघत.

विद्याला वाटलं, आता वहिनी काहीतरी झणझणीत पुटपुटतील. ज्या बाईने अख्खं आयुष्य या म्हाताऱ्याची टर उडवली, ती आज तरी हसेल. पण वहिनींचा हात आधीच पदराकडे गेला होता. पंचवीस वर्षांची कंबर आपोआप हलली. त्यांनी डावा हात खाटेवर रोवला, अंग उचललं आणि पाय खाली सोडायला घेतले.

"वहिनी! झोपा!" विद्या ओरडली आणि तिने त्यांचे खांदे धरले.

"सोड. पाठ आहे त्यांच्याकडे."

"पाठच राहू दे!"

तेवढ्यात वहिनींनी "आई गं" म्हटलं आणि त्या विद्याच्या हातांत लुळ्या पडल्या. ओठ पांढरे. कपाळावर घामाचे थेंब. विद्याने त्यांना पुन्हा उजव्या कुशीवर लोटलं आणि सिस्टरला हाक मारली. सिस्टर धावत आली, नाडी धरली, रक्तदाब घेतला, पुन्हा घेतला आणि निगमला बोलवायला तशीच पळाली.

आबासाहेब उंबऱ्यातच होते.

"हे काय चाललं आहे?" ते म्हणाले. "सूनबाईंना जरा वळायला सांगा. थोरलं माणूस दारात उभं आहे."

उत्तर खाटेवरून आलं. वहिनींनी वळून पाहिलं नाही. आवाज बारीक होता, पण पहिल्यांदाच तो हलका नव्हता. वॉर्डातल्या शेवटच्या खाटेला ऐकू जाईल असा होता. आणि शुद्ध मराठी.

"आबासाहेब, पंचवीस वर्षं तुम्ही आलात की मी उठले. पोळ्या करपवून उठले. बाळंतपणातून उठले. आता उठले तर मी मरेन, आणि तुम्हाला त्याचं काही नाही, फक्त कुणी उठलं की नाही तेवढं बघायचं आहे. तर बघा. ही माझी पाठ आहे. नीट बघून घ्या आणि जा."

वॉर्डात एक बुंदेली म्हातारी होती. तिला मराठी येत नव्हतं, पण तिने तोंडावर पदर धरला. आबासाहेबांचा चेहरा कसा झाला हे वहिनींनी पाहिलं नाही, याचं त्यांना पुढे कायम वाईट वाटत राहिलं. विद्याने पाहिला. तो रागावलेला नव्हता. चालता चालता जिन्याची एक पायरी कमी निघाली की माणसाचा होतो तसा झाला होता. ते वळले आणि गेले.

निगम आला. खाटेचा पायाकडचा भाग विटांवर उंच केला, हातात सलाईन लावलं आणि दिवाकरची बाटली मागवली. वहिनी रक्त चढत असताना बाटलीकडे बघत म्हणाल्या, "भुसावळचं रक्त. आता माझ्याही पोटात काही राहायचं नाही." विद्या रडत होती ती त्यावर हसली, आणि मग तिला रडू आवरेना. निगम मात्र तासाभराने हसला. धावणारी नाडी ताळ्यावर येत होती. चिरफाड करावी लागली नाही. आतलं वाहणं आपलं आपण थांबलं. तो जाताना म्हणाला की शंभर रुग्णांत नव्व्याण्णव जणांना असं काही होत नाही, संध्याकाळी चहा पिऊन गप्पा मारतात, दुसऱ्या दिवशी घरी जातात. ज्याला होतं त्याच्याकडे लक्ष असलं पाहिजे आणि तो गादीवर पडून असला पाहिजे, बस. मग दाराकडे बघून त्याने हिंदीत विचारलं, "वो बुज़ुर्ग कौन थे?"

"कुणी नाही," वहिनी म्हणाल्या. "भेटायला आले होते."

गावात जी गोष्ट पसरली ती अशी नव्हती. गावाच्या गोष्टीत कमलिनीबाईंना इस्पितळात अशी सुई दिली की त्यांची लाज गेली. जी बाई तोंडातून शब्द काढत नव्हती ती थोरल्यांना पाठ दाखवायला लागली. ज्यांनी उसाचा रस सांगितला होता त्यांनी, सांगितलं नव्हतं का, असंही सांगितलं. आबासाहेबांनी भाऊबंदांना कळवलं की त्या घरी कुणी जाऊ नये, आणि यशवंतरावाने येऊन पत्नीच्या वतीने माफी मागावी. लोक गेले नाहीत. वहिनींच्या घरी आठवडाभर उचलायचं-वाकायचं बंद होतं, घागर विद्या भरत होती, आणि येऊन बसणारं कुणी नव्हतं. वहिनींनी असा आराम जन्मात केला नव्हता.

माफीसाठी यशवंतराव गेले. ते परत आले तेव्हा विद्या वहिनींजवळच होती.

"काय म्हणालात?" वहिनींनी विचारलं. आवाज सहज होता, पण डाळ निवडणारा हात थांबला होता.

यशवंतराव चपला काढून पाणी प्यायले. "काही म्हणालो नाही."

"मग काय केलंत?"

"ते आले. मी बसलो होतो." त्यांनी रिकामं भांडं खाली ठेवलं. "बसूनच राहिलो."

वहिनी पुन्हा निवडायला लागल्या. बराच वेळ निवडत होत्या, डाळीत एक खडा नव्हता तरी.

तुकड्याचा निकाल आला. निगमने दोघांना समोर बसवून सांगितलं: गोळ्यांचा रोग आहे. गोळ्या द्यायच्या. वहिनींनी विचारलं, नक्की? तो म्हणाला, त्यासाठीच तर सुई होती. गोळ्यांनी चेहरा सुजतो, भूक वाढते, साखर बघत राहावी लागते. आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, हे त्याने तीनदा सांगितलं. दोन महिन्यांत वहिनींचे डोळे पांढरे झाले आणि चेहरा पुनवेच्या चंद्रासारखा गोल. भाऊबंदांनी लांबून पाहून ठरवलं की आजार वगैरे काही नव्हता, बाई खाऊन खाऊन सुटली आहे.

आबासाहेब पुढे सहा वर्षं जगले. वहिनी त्यांच्या घरी पुन्हा गेल्या नाहीत, आणि त्यांनीही निरोप पाठवला नाही. ते वारले तेव्हा मात्र वहिनी गेल्या. विद्याला वाटलं आता तरी काही चांगलं बोलतील. परत येताना त्या म्हणाल्या, "पहिल्यांदाच ते आडवे आणि मी उभी. सवय नव्हती, पाय दुखले."

हळूहळू एक गंमत झाली. ज्या लोकांनी उसाचा रस सांगितला होता, त्यांच्यातल्याच कुणाच्या भावाला, कुणाच्या सुनेला डॉक्टर तीच सुई सांगायला लागले, आणि ती माणसं संध्याकाळच्या अंधारात वहिनींच्या दाराशी यायला लागली. वहिनी त्यांना बसवत, चहा देत आणि मनसोक्त तुच्छतेने सांगत.

"दुखतं का? दुखतं. नाही दुखलं तर सुई कशाला म्हणायची? पण तुमच्या काकांचं भाषण ऐकण्यापेक्षा कमी दुखतं. आधी डॉक्टरला सगळं सांगा, पुडीसुद्धा, पानवाल्याचीसुद्धा, वैद्याचा तो हिरवा काढासुद्धा. लपवायला ते काही माहेरचे दागिने नाहीत. श्वास सोडून धरायला शिका; तुम्हाला जमेल, तुम्ही तसेही अर्धा वेळ श्वास रोखूनच बसता. आणि सुई झाल्यावर उजव्या कुशीवर पडा, आणि देव जरी दारात आला तरी उठू नका. रात्री खांदा दुखला तर दुखू द्या. पोट दुखलं, अंधारी आली, तर ओरडा. घराण्याची अब्रू ओरडण्याने जात नाही. आणि भेटायला येणाऱ्यांना सांगा, चार दिवसांनी या. जे चार दिवस थांबू शकत नाहीत ते तुम्हाला बघायला येतच नाहीत, स्वतःला दाखवायला येतात."

"हे सगळं तोंडावर सांगायचं, वहिनी?" एकदा एका सुनेने घाबरून विचारलं.

"मग कुठे सांगणार?" वहिनी म्हणाल्या. "पाठीमागे मी पंचवीस वर्षं सांगून बघितलं. कुणाला ऐकू जात नाही."

ती सून गेल्यावर वहिनींनी कप विसळले आणि तिच्या टाचांना पडलेल्या भेगांवर आणि सासूच्या अकलेवर जे बोलायचं ते बोलल्या. विद्याला बरं वाटलं. माणसाने इतकंही बदलू नये.

कमलिनीवहिनी आता एकसष्ट वर्षांच्या आहेत. यशवंतराव निवृत्त झाल्यापासून दोघं सीपरी बाजाराच्या मागे दोन खोल्यांत राहतात. डॉक्टर निगम ग्वाल्हेरला गेले, म्हणून वहिनी दर तीन महिन्यांनी सकाळच्या गाडीने ग्वाल्हेरला जाऊन रक्त तपासून येतात, एकट्याच.